तिसऱ्या महिन्यात पडलेलं लेप्टिन: सिंधुदुर्गातल्या एका एलायझा किटचं प्रकरण

बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात घेतलेल्या रक्तात काही मातांचं लेप्टिन, म्हणजे अंगातल्या चरबीची खबर देणारं संप्रेरक, जवळजवळ शून्य आलं, आणि त्यातल्या बहुतेक जणी चांगल्या भरल्या अंगाच्या होत्या. लेप्टिन मोजणाऱ्या माणसाने इथेच थांबायला हवं होतं. प्रत्यक्षात तो अहवाल दोन बैठकांमधून पुढे सरकला, त्याचा आलेख झाला, आलेखाखाली निष्कर्षही लिहिला गेला. मग ते आकडे तपासायला माझ्याकडे आले. जीवरसायनशास्त्र शिकवत आणि अशा चाचण्या करत माझी बरीच वर्षं गेली आहेत. कोकणातल्या लहान प्रयोगशाळांना या प्रकरणाचा उपयोग होईल, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे. प्रयोगशाळेचं, किट बनवणाऱ्यांचं आणि मातांचं नाव कुठेही दिलेलं नाही.

प्रकल्प साधा होता आणि गरजेचाही. गरोदरपणात वाढलेलं वजन बाळंतपणानंतर कुणाचं उतरतं, कुणाचं अंगावर राहतं, आणि जिचं राहतं तिला पुढे मधुमेहाचा धोका किती, हा प्रश्न. महाराष्ट्रात या विषयाला मोठी पार्श्वभूमी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवून दिलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त असतं. नाळेच्या रक्तातल्या लेप्टिनवरूनही ते दिसलं. तेव्हा कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या मातांचं लेप्टिन प्रसूतीच्या वेळी एकदा आणि तिसऱ्या महिन्यात एकदा मोजावं, असं ठरलं.

लेप्टिन चरबीच्या पेशींतून रक्तात येतं आणि शरीरात साठा किती आहे याची खबर मेंदूला देतं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त, आणि सारख्याच बांध्याच्या पुरुषापेक्षा बाईत जास्त. गरोदरपणात वारही लेप्टिन बनवते, त्यामुळे पातळी आणखी चढते आणि वार पडल्यावर झपाट्याने उतरते. या शेवटच्या वाक्यानेच सगळ्यांना फसवलं. प्रसूतीनंतर लेप्टिन उतरणं अपेक्षितच होतं, आणि ते उतरलेलं दिसलं. कुणाला शंका यायचं कारणच उरलं नाही.

पण उतरणं आणि नाहीसं होणं यात फार अंतर आहे. ज्या बाईच्या अंगावर चरबी आहे तिच्या रक्तात लेप्टिन असतंच. नसेल तर कारणं अगदी मोजकी. एक म्हणजे जन्मजात दोष. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दोन चुलत भावंडांमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. ती मुलं तान्हेपणापासूनच भुकेने व्याकूळ आणि अतिस्थूल होती. दुसरं, लिपोडिस्ट्रॉफी, म्हणजे अंगावर चरबीच न साठणं. एकाच पट्ट्यातल्या, नीट गर्भधारणा होऊन बाळंत झालेल्या आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या इतक्या बायकांना यातलं काही असेल, हे संभवतच नाही. तेव्हा दोष बायकांत शोधायचा नव्हता, मोजण्यात शोधायचा होता.

पहिला संशय गेला लाइटवर आणि पावसावर. तो साहजिकही होता. प्रसूतीवेळचे नमुने हिवाळ्यात मोजले होते, तिसऱ्या महिन्याचे भर पावसात. एलायझा, म्हणजे प्लेटवरच्या छोट्या खळग्यांत (वेलमध्ये) अँटिबॉडीने पदार्थ पकडून रंगावरून तो मोजायची चाचणी, हिला तापमानातला फरक फार बाधतो. प्लेट फ्रिजमधून काढून लगेच वापरली, तर कडेच्या वेल आधी गरम होतात आणि मधल्या मागे राहतात. रंग एकसारखा येत नाही. खोलीत दमट हवा, एसी बंद, इन्व्हर्टरवर फक्त फ्रिज आणि रंग मोजणारं रीडर, असं त्या दिवसांत घडलं होतंच. शिवाय मुंबईहून येणारं पार्सल पावसाळ्यात वाटेत अडकतं, बर्फाच्या पिशव्या पाणी होऊन पोहोचतात.

प्लेटचा नकाशा मागवला. शून्याजवळचे नमुने कडेला गोळा झालेले नव्हते, सगळ्या प्लेटभर विखुरलेले होते. त्यांच्या शेजारच्या वेलमध्ये नीट, अपेक्षित आकडे होते. प्रत्येक नमुना दोन वेलमध्ये घातला होता आणि दोन्ही वेलचे आकडे एकमेकांशी छान जुळत होते. किटबरोबर आलेले कंट्रोल, म्हणजे ठाऊक उत्तराचे तपासनमुने, तेही मर्यादेत होते. रंग उमटवणारं एन्झाइम थोडं मंदावलं असतं तरी ते स्टँडर्ड (ज्यांच्याशी तुलना करून आकडा काढतात ते ठाऊक मापाचे नमुने) आणि मातांचे नमुने दोघांनाही सारखंच भोवलं असतं, कारण दोघे एकाच प्लेटवर, एकाच वेळी चालतात. म्हणजे लाइट आणि पाऊस निर्दोष.

इथे प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताईंचं म्हणणं असं होतं, की दोन्ही वेल जुळतात आणि कंट्रोल बरोबर आहेत, तर आकडा चुकेल कसा? हा प्रश्न अनेक ठिकाणी विचारला जातो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. दोन वेल जुळल्या याचा अर्थ पिपेट धरणारा हात चांगला आहे. नमुन्यातच काही खोट असेल, तर ती दोन्ही वेलमध्ये सारखीच जाते. आणि किटचा कंट्रोल म्हणजे कारखान्यात भरलेली बाटली. त्यात लेप्टिन आहे, पण कुडाळच्या बाईने सकाळी काय घेतलं ते त्यात नाही. त्या ताईंचं काम उत्तम होतं, हे मी तेव्हाही सांगितलं आणि इथेही नोंदवतो.

दुसरा धागा किटच्या खोक्यावर सापडला. हिवाळ्यातलं खोकं एका कंपनीचं, पावसाळ्यातलं दुसऱ्या कंपनीचं. पहिलं किट मागवूनही वेळेत आलं नाही. दुसरं लगेच मिळत होतं, स्वस्त होतं, आणि मुख्य म्हणजे त्याला वेळ कमी लागत होता. ज्या गावात दुपारी लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, तिथे दीड-दोन तास वाचणं ही मोठी गोष्ट आहे. ज्यांनी ते किट निवडलं त्यांना मी दोष देणार नाही. पण तपासणीची खेप आणि किट, दोन्ही एकदमच बदलली. आता फरक दिसला तर तो तीन महिन्यांचा की कंपनीचा, हे आकड्यांतून कधीच कळणार नव्हतं. असा अभ्यास करताना एका बाईचे सगळे नमुने फ्रीझरमध्ये साठवावेत आणि एकाच किटने, शक्यतो एकाच प्लेटवर चालवावेत. माझ्या मते या प्रकल्पातली खरी मोठी चूक ही होती. पुढचं सगळं तिच्यामुळे झाकलं गेलं.

पहिल्या किटच्या काही पट्ट्या उरल्या होत्या. एलायझाची प्लेट आठ-आठ वेलच्या पट्ट्यांची असते आणि न वापरलेल्या पट्ट्या शोषकाच्या पुडीसह फॉइलमध्ये बंद करून फ्रिजमध्ये ठेवता येतात. त्या तशाच, मुदतीत होत्या. तिसऱ्या महिन्याचे निवडक नमुने, काही शून्याजवळचे आणि काही नीट, त्या जुन्या पट्ट्यांवर चालवले. मग कागदावर आडव्या रेषेवर जुनं किट, उभ्या रेषेवर नवं किट असे ठिपके मांडले.

दोन किटांचे आकडे तंतोतंत कधीच जुळत नाहीत. प्रत्येकाच्या अँटिबॉडी (ठरावीक पदार्थाला पकडणारी प्रथिनं) वेगळ्या आणि स्टँडर्डही वेगळं. पण तो फरक सगळ्या नमुन्यांत साधारण सारख्या प्रमाणात असतो, ठिपके एका तिरप्या रेषेवर बसतात. इथे बऱ्याच नमुन्यांचे ठिपके तसे बसलेच. बाकीचे मात्र रेषा सोडून थेट तळाला पडले होते. जुन्या किटवर त्यांचं लेप्टिन अगदी रास्त होतं, नव्यावर काही नाही. एकच किट काही बायकांना नीट मोजतं आणि काहींना नाही, तेव्हा त्या काहींच्या रक्तात काहीतरी वेगळं असतं.

मग त्यातला एक नमुना घेऊन तो नव्या किटवर पातळ करत गेलो. हे मी सगळ्यांना आवर्जून करायला सांगतो, कारण याला खर्च जवळजवळ नाही आणि उत्तर बोलकं मिळतं. नमुना दुप्पट पातळ केला आणि आलेल्या आकड्याला दोनने गुणलं, तर मूळ आकडाच परत यायला हवा. या नमुन्यात किटच्या सांगण्याप्रमाणे १.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं होतं. दुप्पट पातळ केल्यावर हिशोबाने ३.९ आलं. चौपट केल्यावर ९.२. आठपट केल्यावर १६. जुन्या किटवर हाच नमुना १९ दाखवत होता. जितकं पाणी घालावं तितकं लेप्टिन वाढतंय! म्हणजे नमुन्यात लेप्टिन होतंच. त्याला दिसू न देणारं काहीतरी सोबत होतं, आणि पातळ केल्यावर त्याचा जोर ओसरत होता. त्याच नमुन्यात ठाऊक मापाचं लेप्टिन वरून घातलं, तर घातलेल्याचा पाचवा हिस्सासुद्धा परत मोजला गेला नाही. नीट वागणाऱ्या नमुन्यात ते जवळजवळ पुरतं परत आलं.

आता दोन्ही माहितीपत्रकं शेजारी ठेवून ओळीने वाचली. जुन्या किटमध्ये लेप्टिन पकडणारी अँटिबॉडी प्लेटला थेट चिकटवलेली होती. त्यावर नमुना, मग धुणं. मग बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) जोडलेली दुसरी अँटिबॉडी, पुन्हा धुणं. मग स्ट्रेप्टाव्हिडिनला (बायोटिनला पकडणाऱ्या प्रथिनाला) जोडलेलं एन्झाइम, पुन्हा धुणं, आणि शेवटी टीएमबी या रसायनाचा निळा रंग, आम्ल घातल्यावर पिवळा होणारा, ४५० नॅनोमीटरवर वाचायचा. लांबलचक, कंटाळवाणी पद्धत. पण नमुन्यातलं नको ते पहिल्या धुण्यातच निघून जातं.

नव्या किटमध्ये प्लेटला फक्त स्ट्रेप्टाव्हिडिन लावलेलं होतं. नमुना, बायोटिन जोडलेली पकडणारी अँटिबॉडी आणि एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी, तिन्ही एकदम वेलमध्ये घालायची, एकदाच धुवायचं. वेळ वाचतो तो इथे. स्ट्रेप्टाव्हिडिन आणि बायोटिन यांची मिठी निसर्गातल्या सर्वांत घट्ट बंधांपैकी एक आहे, म्हणून तिच्यावर इतकी किटं उभी आहेत. पण रक्तातच सुटं बायोटिन भरपूर असेल तर? एसटी फलाटाला लागताच खिडकीतून रुमाल टाकून कुणी जागा धराव्यात, तसं ते सुटं बायोटिन स्ट्रेप्टाव्हिडिनच्या सगळ्या जागा धरून बसतं. लेप्टिनला घेऊन आलेल्या अँटिबॉडीला चिकटायला जागा उरत नाही, ती धुण्यात वाहून जाते, रंग उमटत नाही. रीडर बिचारा दिसला तेवढाच रंग वाचतो आणि लेप्टिन नाही असं सांगतो.

नव्या किटच्या पत्रकात हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि ट्रायग्लिसराइडचा अडथळा तपासल्याचं छापलेलं होतं. बायोटिनचा उल्लेख नव्हता.

पण या बायकांच्या रक्तात बायोटिन आलं कुठून? जेवणातून मिळणाऱ्या बायोटिनने असं होत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, अंगावर पाजणारीला ३५. प्रकल्पाच्या फॉर्ममध्ये गोळ्यांचा रकाना होता आणि त्यात लोह, कॅल्शियम, थायरॉइड असं लिहिलेलं होतं. या मातांपुढे लोह आणि कॅल्शियमवर खूण, बाकी ‘काही नाही’.

फॉर्म भरून जे कळलं नाही ते आशाताईंनी घरी जाऊन काढलं. मालवण तालुक्यातल्या एका घरी त्यांनी विचारलं, दुसरं काही औषध घेतेस का? उत्तर आलं, “मी खयचा औषध घेतंय, ताई? ती केसांची गोळी आसा.” आणि फळीवरच्या डब्यातून पाकीट काढून दाखवलं. बायोटिन, १० मिलिग्रॅम. म्हणजे लागतं त्याच्या तीनशे पटींच्या आसपास, रोज. बाकीच्यांकडेही कमीअधिक तेच निघालं. कुणाला मेडिकलवाल्याने दिलेली, कुणाला मुंबईच्या नणंदेने पाठवलेली. उपाशीपोटी रक्त द्यायला बोलावलं त्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेतलेल्या बायकांनी ती गोळी मात्र पाण्याबरोबर घेतली होती. पाण्याने उपास मोडत नाही हे त्यांचं म्हणणं तर्काला धरूनच होतं. गोळीनंतरच्या दोन-तीन तासांत रक्तातलं बायोटिन सर्वांत वर असतं, आणि नेमक्या त्याच वेळात सुई टोचली गेली.

तिसरा महिनाच का, याचंही उत्तर इथेच मिळतं. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात केस मुठीने गळतात. गरोदरपणात न गळलेले केस एकदम गळतात आणि वर्षभरात बहुतेकींचे परत येतात; त्याला बायोटिन लागत नाही. पण फणीत केसांचा गुंता बघून बाई घाबरते, हळिवाच्या लाडवांवर तिचा विश्वास पुरत नाही, आणि गोळी सुरू होते. प्रसूतीच्या वेळी यातलं काही नव्हतं. म्हणून पहिली खेप स्वच्छ आणि दुसरी बिघडलेली.

एवढ्यावर समाधान मानता आलं असतं, पण जुळणारी गोष्ट सापडणं आणि कारण सिद्ध होणं या वेगळ्या बाबी आहेत. मुंबईतल्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेने स्ट्रेप्टाव्हिडिन लावलेले चुंबकी मणी दिले. नमुन्यात ते घालून हलवायचे, सुटं बायोटिन त्यांना चिकटतं, चुंबकाने मणी बाजूला ओढायचे आणि उरलेलं सीरम मोजायचं. गोळी घेणाऱ्या मातांचे नमुने असे धुतल्यावर नव्या किटवरही लेप्टिन दिसू लागलं आणि ठिपके रेषेवर येऊन बसले. गोळी न घेणाऱ्यांचे नमुने तसेच धुतले, त्यांच्या आकड्यांत काही बदल झाला नाही. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं. ते नसतं तर मण्यांनीच आकडे वाढवले असं कुणीही म्हणू शकलं असतं.

पुढे काय करायचं यावर मतभेद झाले. प्रकल्पप्रमुखांचं म्हणणं, गोळी घेणाऱ्या माता वगळाव्यात आणि बाकीच्यांचे नव्या किटवरचे आकडे ठेवावेत. पैशाचा विचार केला तर त्यात तथ्य होतं. आयात किट स्वस्त नसतं आणि प्रकल्पाचं अनुदान बेताचंच. मी विरोध केला. एक तर न घेणाऱ्यांचेही आकडे दोन वेगवेगळ्या स्टँडर्डवर मोजलेले होते, त्यांची वजाबाकी करणं चूकच. दुसरं, कोण गोळी घेतं हे आपल्याला फॉर्मवरून कळलं नव्हतं, घरी जाऊन कळलं होतं. ज्या घरी गेलो नाही तिथलं काय? आणि तिसरं, केसांची काळजी करून गोळी घेणाऱ्या बायका उरलेल्यांपेक्षा काही बाबतींत वेगळ्या असणार, त्यांना उचलून बाजूला काढलं की अभ्यास एका बाजूला झुकतो. अखेर दोन्ही खेपांचे सगळे नमुने पहिल्या पद्धतीच्या किटवर, एकाच लॉटवर, पुन्हा चालवायचं ठरलं. फ्रीझरमध्ये प्रत्येक नमुन्याचे दोन-तीन छोटे भाग करून ठेवलेले होते, म्हणून हे जमलं. सगळं सीरम एकाच नळीत असतं तर पुन्हापुन्हा वितळवण्यात ते खराब झालं असतं.

पुन्हा मोजल्यावर लेप्टिन तिसऱ्या महिन्यात उतरलेलं दिसलंच, पण ही घट पहिल्या आलेखात होती त्याहून बरीच कमी. ज्यांचं वजन उतरलं नाही त्यांच्यात तर फार थोडी. मूळ प्रश्नाचं उत्तर याच बायकांत होतं, आणि त्यांनाच पहिला अहवाल ‘लेप्टिन नाही’ म्हणत होता.

लेप्टिनचं हे किट केवळ संशोधनासाठी होतं, त्यावरून कुणावर उपचार होणार नव्हते. मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच चाचणीची. याच बायका थायरॉइड तपासतात. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) मोजणाऱ्या काही यंत्रांची पद्धत स्ट्रेप्टाव्हिडिन-बायोटिनवरच चालते. तिथे बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी येतं आणि मोकळं टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त येतं, कारण त्या चाचणीची रचना उलटी असते. दोन्ही एकत्र वाचले की थायरॉइड जास्त काम करतंय असंच दिसतं. आणि बाळंतपणानंतर थायरॉइड खरोखरच बिघडू शकतं, त्यामुळे डॉक्टरलाही नवल वाटत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बायोटिनबद्दल जाहीर इशारा दिला. हृदयविकारात बघतात ते ट्रोपोनिन बायोटिनमुळे खोटं कमी आल्याचा आणि एक रुग्ण दगावल्याचा उल्लेख त्यात होता.

आमच्या यादीतल्या एका मातेच्या फाइलमध्ये असाच थायरॉइडचा रिपोर्ट होता, टीएसएच कमी आणि टी-फोर जास्त. छातीत धडधड नाही, हात थरथरत नाहीत, वजन उतरत नाही, तरी गोळ्या सुरू करायचं घाटत होतं. तिच्या डॉक्टरांशी बोलून केसांची गोळी बंद केली. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन किमान दोन दिवस थांबायला सांगते, आम्ही आठवडाभर थांबलो आणि त्याच प्रयोगशाळेत, त्याच यंत्रावर पुन्हा तपासलं. दोन्ही आकडे नॉर्मल आले. खरा थायरॉइडचा बिघाड इतक्या लवकर असा पुसला जात नाही.

प्रकल्पाच्या फॉर्ममधला रकाना आता बदलला आहे. ‘औषध घेता का’ याच्या खाली स्वतंत्र ओळ आहे: केसांसाठी, नखांसाठी, त्वचेसाठी, ताकदीसाठी काही घेता का, पाकीट दाखवाल का. आशाताई पाकिटाचा फोटो काढतात आणि शेवटची गोळी कधी घेतली तेही लिहितात. कर्मचाऱ्यांपैकी गोळी न घेणाऱ्या काहींचं सीरम एकत्र करून लहान नळ्यांत गोठवलं आहे. त्यातली एक नळी प्रत्येक प्लेटवर चालते, आणि तिच्यातच बायोटिन मिसळलेली दुसरी नळी नवीन किट आलं की पहिल्या दिवशी चालते. दोन आकडे जुळले नाहीत तर खोकं परत जातं. कणकवली-कुडाळ भागातल्या काही प्रयोगशाळांना आम्ही पत्र लिहून त्यांच्या टीएसएचच्या यंत्राची पद्धत कोणती आहे ते विचारलं आहे. दोघांनी उत्तर देऊन रक्त घेण्याच्या टेबलावर गोळीचा प्रश्न विचारायला सुरुवातही केली आहे, बाकीच्यांकडे पुन्हा लिहायचं आहे.